पहिले पाच दिवस

साहेब म्हणाले, पाच दिवसांत बसव.
पूर्वी तीनच होते, आणि त्यातला एक
आधारकार्डाच्या झेरॉक्समध्ये जायचा.

भोसरीतल्या शेडच्या वर, काचेच्या खोलीत
मी तक्ता उघडून बसले आहे.
सोमवार, नऊ ते साडेनऊ: स्वागत.
साडेनऊ ते अकरा: कंपनीचा इतिहास.
खाली चार नंबरचा प्रेस दणका देतो
आणि माझ्या चहात दर वेळी
एक गोल उमटून विरतो.

इतिहास दीड तास नको.
तो कुणालाच नको असतो, मालकांच्या मुलालाही.
तिथे लिहिते: पाणी कुठे, संडास कुठे,
सायरन झाला तर कुठल्या दाराने पळायचं
आणि कुठलं दार कायम कुलूपबंद असतं.
हे शेवटचं खोडते.
कुलूप काढा म्हणून मेंटेनन्सला पत्र लिहिते, तिसरं.

मला पहिल्या दिवशी कुणी काही सांगितलं नव्हतं.
एक वही दिली, पुरुषांच्या मापाचा ॲप्रन दिला,
आणि दुपारी कॅन्टीनमध्ये मी ज्या बाकावर बसले
तो टूलरूमवाल्यांचा होता, बावीस वर्षांपासून.
कुणी ऊठ म्हणालं नाही.
सगळे उभ्यानेच जेवले.
हे कुठल्या स्लाइडवर घालू?

मंगळवार: प्रेसचं दोन हातांचं बटण.
शिकवणार कोण, या रकान्यात
भालेघरे फिटरचं नाव टाकते.
त्यांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
ते ती गोष्ट कधी सांगत नाहीत,
फक्त हजेरी बोटांवर मोजतात.
पोरं आपोआप गप्प होतात.

बुधवारी अडकले.
म्हणून जुन्या बॅचेसच्या फायली काढल्या.
नाव, गाव, रक्तगट,
आपत्कालीन प्रसंगी संपर्क.
धनेश पावरा, धडगाव: एक मोबाईल नंबर.
त्रिशला उपासे, निलंगा: तोच नंबर.
मुनेश्वर महतो, गिरिडीह: तोच.
उभी राहून सगळी फाईल चाळली.
अकरा फॉर्म, एकच नंबर,
एकाच निळ्या पेनाचा,
साताच्या पोटात आडवी काट मारलेला.

स्टोअरमधले मुलाणीचाचा.
बूट-हेल्मेट घ्यायला पोरं त्यांच्याच खिडकीशी जातात,
फॉर्म हातात, तेवढा एक रकाना कोरा.
आईकडे फोन आहे, पण टेकडी चढलं तरच रेंज.
भाऊ आहे, पण बोलत नाही.
पुण्यात कोण आहे तुझं?
पोरगं बुटाच्या नाड्यांकडे बघतं.
आण इकडे, म्हणून चाचा स्वतःच लिहितात.

कधी आला का फोन, मी विचारलं.
दोनदा, ते म्हणाले, आणि खोके मोजत राहिले.
एकदा वायसीएमच्या पायरीवर रात्र काढली.
दुसऱ्यांदा पोरगी झाली होती एकाला.
अजून पेढे आणले नाहीत साल्याने.

मार्चअखेर त्यांची सेवा संपते.
मग या अकरा जणांचं काय करायचं, चाचा?
ते चष्म्यावरून बघत राहिले.
मॅडम, रिटायर मी होतोय.
सिमकार्ड नाही.

बुधवार, दोन ते पावणेतीन: स्टोअरची खिडकी.
एवढंच लिहून तक्ता वर पाठवला.
साहेबांनी लाल अक्षरांत विचारलंय,
यातून निष्पत्ती काय?
उत्तर अजून दिलेलं नाही.
शिकवणार कोण, या रकान्यात
मार्चपर्यंत एक नाव आहे.
एप्रिलपासून टिंबं.

सहाला पाळी सुटली.
नाशिक फाट्याकडच्या बसा भरून गेल्या.
निघता निघता एका मागणीपत्रावर सही केली:
सेफ्टी बूट, बायकांचे, माप पाच, सहा जोड.
सोमवारी चौघी येणार आहेत.
मागच्या खेपेच्या पोरी
दोन-दोन मोजे घालून चालायच्या,
आणि आम्ही त्यांना शॉपफ्लोअरवर सांगायचो,
जरा पाय उचलून चाला.